कंपायलर टीममधलं हसणं टाइमपास नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर ऐरोलीच्या एका वाचकांचं पत्र होतं. मुलगा घरून काम करतो, कॉलवर सारखे हसण्याचे आवाज येतात, चॅटवर दिवसभर जोक चालू, आणि कंपन्या एवढा पगार नक्की कशाचा देतात, ऑफिसच्या वेळेत हे सगळं बंदच करायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. काकांचा राग मला कळतो, माझ्या बाबांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये मशीनसमोर उभं राहून झाली, तिथे हसत उभं राहिलं की सुपरवायझर येऊन बघायचा. पण सरसकट बंद करा म्हणणं मला पटलं नाही, आणि मी ज्या कामात आहे तिथे तर ते सरळ नुकसानीचं आहे म्हणून लिहितेय.

मी महापेला एका कंपनीत कंपायलर टीममध्ये टेस्टिंग करते. प्रोग्रामर जे लिहितो ते मशीनला चालवता येईल अशा रूपात आणून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर, आणि आमची टीम तो तर बनवतेच पण ती भाषाच सांभाळते, म्हणजे त्यात कुठलं चिन्ह चालेल, कुठलं नाही, चुकलं तर मेसेज काय येईल, जुना कोड नव्या व्हर्जनवर चालेल का, हे सगळं. आमची भाषा कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी आहे, ज्यावर पंप, कन्व्हेयर, बाटल्या भरायची लाइन असलं काय काय चालतं. बऱ्याच लोकांना वाटतं कॉम्प्युटरच्या भाषा कुठूनतरी तयार येतात, पण त्या माणसंच बनवतात, पाच-दहा जण टेबलाभोवती बसून भांडून भांडून बनवतात, आणि ती भांडणं कशी होतात हे कळल्याशिवाय त्या टीममध्ये एवढं हसतात का ते कळणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे इथे केलेली चूक परत घेता येत नाही. ॲपमध्ये बटण चुकीच्या जागी आलं तर पुढच्या अपडेटला हलवलं, संपलं. भाषेत चुकलं की तोवर लोकांनी त्यावर ढीगभर कोड लिहून ठेवलेला असतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, कोडपासून तयार प्रोग्राम बांधायच्या कमांड चालवणारं मेक नावाचं टूल लिहिलं, त्यात कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस दिल्या की चालत नाही, ही भानगड त्यांच्या लवकरच लक्षात आली होती पण तोपर्यंत डझनभर लोक ते वापरायला लागले होते आणि त्यांचं काम मोडू नये म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. फक्त डझनभर लोक! आज पन्नास वर्षं होत आली, जगभरातली पोरं त्या टॅबवर अडखळतात. वेबसाइटसाठी वापरतात त्या जावास्क्रिप्ट भाषेचंही तेच, ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला, त्यात नल म्हणजे काहीच नाही अशी जी किंमत असते तिचा प्रकार विचारला तर उत्तर ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू, असं येतं. चुकीचंच आहे ते, सगळ्यांना माहितीये, दुरुस्तीचा प्रस्तावही आला होता, पण दुरुस्त केलं तर चालू वेबसाइट मोडतील म्हणून सोडून दिला. आमच्याकडेही असे काही नियम आहेत जे आम्हाला कुणालाच आवडत नाहीत आणि आम्ही ते जिवापाड सांभाळतो, कारण कुठल्यातरी प्लांटमध्ये वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम त्याच्यावर चालू आहे आणि तो लिहिणारा माणूस कधीच रिटायर झालाय.

दुसरी गोष्ट, रोज कुणाला ना कुणाला नाही म्हणावं लागतं. कुणीतरी जीव ओतून प्रस्ताव लिहितो, उदाहरणं जोडतो, रात्री जागून नमुना चालवून दाखवतो, आणि आम्ही बाकीचे बसून त्यातली छिद्रं शोधतो कारण तेच आमचं काम आहे. बहुतेक प्रस्ताव पडतात. ज्याचा पडला त्याच्याशेजारी बसूनच दुसऱ्या दिवशी काम करायचं असतं.

आणि भांडण होतं ते बहुतेक वेळा लहान गोष्टीवर. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाही का, लिफ्टचं लाखो रुपयांचं कंत्राट पाच मिनिटांत मंजूर होतं आणि गेटला रंग कुठला द्यायचा यावर दोन तास जातात, कारण लिफ्टमधलं कुणालाच कळत नाही पण रंगावर मत प्रत्येकाचं असतं. फिलिप वॉडलर म्हणून हॅस्केल भाषेच्या कामात असलेले मोठे संशोधक आहेत, त्यांनी याचा गमतीत नियमच करून ठेवलाय, की भाषा बनवताना चर्चेचा सगळ्यात कमी वेळ अर्थावर जातो, त्याच्या दुप्पट मांडणीवर, त्याच्या दुप्पट अक्षरं-चिन्हं कशी लिहायची यावर, आणि त्याच्याही दुप्पट कॉमेंट कशी लिहायची यावर. म्हणजे माणसांसाठी टीप म्हणून लिहिलेली जी ओळ कंपायलर सोडूनच देतो तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ. ज्यांनी हे काम केलंय त्यांना हे वाचून हसू येतंच, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी नुसतं "वॉडलर" म्हटलं की सगळ्यांना कळतं की आपण कुठे घसरलोय. कुणाचा अपमान न करता चर्चा परत रुळावर येते, मला सांगा यापेक्षा स्वस्त उपाय कुठला मॅनेजमेंट कोर्स देतो?

आमच्याकडचं एक सांगते. यादीच्या शेवटच्या नावानंतर स्वल्पविराम चालू द्यायचा की नाही, यावर वाद पेटला. ऐकणाऱ्याला हे फालतू वाटेल पण ज्याने प्रस्ताव आणला होता त्याच्याकडे कारणं चांगली होती, यादीत नवीन ओळ घातली की आधीच्या ओळीला हात लावावा लागत नाही, बदल वाचायला सोपा जातो. विरोध करणाऱ्यांचंही बरोबर होतं, आमच्या जुन्या एडिटरला, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामला, तो स्वल्पविराम म्हणजे एक रिकामी जागा वाटते आणि कंट्रोलरवर एक जास्तीचा शून्य जाऊन बसू शकतो, ते पंपाच्या बाबतीत परवडणारं नाही. जेवण झालं तरी वाद चालू, संध्याकाळी घणसोलीला गाडीत चढलो तरी चालू, ठाण्याला उतरेपर्यंत आजूबाजूचे लोक आमच्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी प्रस्ताव पडला. तो मुलगा गप्पच झाला, मान खाली. तेव्हा आमचे एक सीनियर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते निर्णय वाचून दाखवायला उभे राहिले आणि अगदी स्टेशनवरच्या आवाजात सुरू केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक दहावर येणारा शेवटचा स्वल्पविराम काही तांत्रिक कारणांमुळे रद्द करण्यात आला आहे, आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." सगळे हसले आणि मुख्य म्हणजे तो मुलगाही हसला. मग चहा प्यायला खाली गेलो तिथे अण्णांनीच त्याला सांगितलं की फक्त नव्या एडिटरमधून सेव्ह होणाऱ्या फाइलपुरतं आण, मी पाठिंबा देतो. तसा त्याने आणला आणि तो पासही झाला. ती घोषणा झाली नसती तर त्याने परत काही आणलं असतं असं मला नाही वाटत.

हसणं संपलं की काय होतं तेही या क्षेत्राने बघितलंय. पायथन भाषा गुइडो व्हॅन रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅमला लिहायला घेतली, नाव दिलं माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून, म्हणजे विनोद तिच्या जन्मापासून आहे. जवळजवळ तीस वर्षं भाषेचा शेवटचा शब्द त्यांचा असायचा. २०१८ मध्ये एका छोट्या चिन्हावरून, कोलन आणि बरोबरची खूण जोडून (:=) लिहू द्यायचं की नाही यावरून, इतका कडवट वाद झाला की प्रस्ताव मंजूर करून झाल्यावर जुलैमध्ये त्यांनी ते पदच सोडलं, एका प्रस्तावासाठी एवढं लढायचं आणि इतक्या लोकांना आपला निर्णय नकोसा व्हावा हे परत नको, असं त्यांचं म्हणणं होतं. आता तिथे पाच जणांची निवडून दिलेली समिती आहे. दोन चिन्हांसाठी एवढा माणूस बाजूला झाला! मला ते वाचून तेव्हा फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

पर्ल भाषावाल्यांचं तर त्याहून जोरात. २००० च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरेला त्यांची मीटिंग चालू होती, भाषा साचलीये, कुणी काही हलत नाही, म्हणून जॉन ऑरवंट यांनी कॉफीचे मग उचलून भिंतीवर फोडायला सुरुवात केली. त्यातून पर्लची नवी भाषा करायचं ठरलं आणि ती बाहेर यायला २०१५ चा नाताळ उजाडला. पण त्याच मंडळींकडे भोपळ्याची गोष्टही आहे. एका ठिकाणी टेप ड्राइव्ह एकच आणि बॅकअप घेणारे बरेच, एकाच वेळी दोघांनी घेतला की घोळ, म्हणून कापसाचा एक भोपळा ठेवला होता, भोपळा ज्याच्या टेबलावर त्यानेच बॅकअप घ्यायचा. पर्लच्या टीमने तेच उचललं, मूळ कोडमध्ये बदल जोडायचा हक्क ज्याच्याकडे त्याच्या हातात भोपळा आहे असं म्हणायचं, आणि त्या माणसाच्या पदाचं नावच भोपळ्यावरून पडलं. आता बघा, हा विनोदही आहे आणि दोन माणसांनी एकाच वेळी कोड बिघडवू नये याची व्यवस्थाही आहे.

मला नेमकं हेच त्या काकांना सांगायचंय, की या कामातले चांगले विनोद कामातच वापरलेले असतात. पायथनमध्ये नवीन माणूस आला की हमखास विचारतो, कोडचे गट दाखवायला इतर भाषांसारखे महिरपी कंस का नाहीत, आणा ना. याचं उत्तर त्यांनी भाषेतच घालून ठेवलंय, भविष्यातून कंस आयात करा अशी ओळ लिहिली की पायथन म्हणतं, शक्यच नाही. प्रश्न विचारणाऱ्यावर कुणी ओरडत नाही, तो स्वतःच टाइप करून बघतो, हसतो आणि विषय संपतो. रस्ट भाषेच्या टेस्टमध्ये एक फाइल आहे, तिच्यात मुद्दाम इतका तिरपागडा कोड लिहिलाय की वाचणाऱ्याला गरगरतं, एका ठिकाणी तर चिन्हं जोडून मासा केलाय, पण तो सगळा कोड नियमाने बरोबर आहे आणि प्रत्येक नव्या बदलानंतर तो कंपाइल व्हावाच लागतो. शहाण्या माणसाने लिहिलेल्या कोडवर कंपायलर क्वचितच पडतो, तो पडतो तो असल्या तिरक्या ओळींवर, आणि असल्या ओळी लिहायला थोडा खोडकर स्वभावच लागतो. टेस्टिंगमध्ये इतकी वर्षं काढल्यावर हे मी छातीठोकपणे सांगते.

आमचीही एक अशी टेस्ट आहे आणि ती आपल्या गावाच्या नावाची आहे. एका पंपिंग स्टेशनच्या प्रोग्राममध्ये स्क्रीनवर दाखवायला "ठाणे" असं मराठीत लिहिलं होतं आणि त्याच ओळीत पुढे कुठेतरी चूक होती. आमचा कंपायलर चुकीखाली बाण दाखवतो, तो बाण चुकीच्या दहा घरं पुढे गेला, बिचारा प्रोग्रामर भलतीकडेच शोधत बसला. कारण असं की "ठाणे" डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, ठ, काना, ण आणि मात्रा असे चार तुकडे आहेत, आणि फाइलमध्ये नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइट, म्हणजे साठवणीच्या तीन जागा, घेतो, म्हणजे बारा. आम्ही बारा मोजत होतो आणि माणूस दोन बघत होता. इतर भाषांना विचारून पाहिलं तर लांबी म्हणून रस्ट बारा सांगते, पायथन चार सांगतं आणि स्विफ्ट दोन, तिघंही आपापल्या जागी बरोबर. मीटिंगमध्ये डोकी गरम व्हायला लागली होती, मोजणी कुठली धरायची, तेवढ्यात सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "स्लोने गेलं तर ठाणे बारा, फास्टने चार, ट्रान्सहार्बरने दोन." ठाण्याच्या तीन लोकलच झाल्या त्या, आणि त्या दिवसापासून तिन्ही टेस्टची नावं तीच आहेत, ठाणे स्लो, ठाणे फास्ट, ठाणे ट्रान्सहार्बर. आणि नवीन येणाऱ्याला बाइट, कोडपॉइंट (युनिकोडचा तुकडा) आणि दिसणारं अक्षर यातला फरक समजावायला आधी दुपार जायची, आता ती तीन नावं सांगितली की तो विसरत नाही. रात्रीची बिल्ड, म्हणजे सगळा कोड परत बांधून तपासणं, फुटली की सकाळी ग्रुपवर "ठाणे फास्ट रद्द" एवढंच येतं आणि कुठे बघायचं ते सगळ्यांना कळतं. ज्याने फोडली त्याने सगळ्यांना वडापाव आणायचे हा नियम आहे, त्यामुळे माझ्याकडून फुटली हे लोक स्वतःहून आणि लगेच सांगतात, लपवत नाहीत.

कुठेही हसून चालत नाही हे मान्य. कंपायलरच्या एरर मेसेजमध्ये जोक नको, यावर मी टीममध्ये कडक आहे. ॲपलच्या सी भाषेच्या जुन्या कंपायलरमध्ये एका ओळीत फार चुका झाल्या तर "कमी करा" असा मेसेज यायचा, आम्ही तो वाचून भरपूर हसलोय, पण प्लांटमध्ये रात्रपाळीला लाइन बंद पडलीये आणि साहेब डोक्यावर उभा आहे अशा माणसाला तो वाचायला लागला तर त्याला काय वाटेल. त्याला फक्त हवं असतं की कुठे चुकलं आणि काय करू. टीममधला विनोद बाहेरच्याला कळतोच असंही नाही. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ ला फ्लॅटन नावाचं नवं फंक्शन येणार होतं, ते एका जुन्या लायब्ररीशी, म्हणजे बऱ्याच वेबसाइटनी वापरलेल्या तयार कोडशी, टक्कर घ्यायला लागलं, वेबसाइट मोडायला लागली, तेव्हा कुणीतरी गमतीत म्हटलं मग स्मूश नाव देऊ, लोकांना ते खरंच वाटलं आणि केवढा आरडाओरडा झाला. शेवटी फ्लॅट असं साधं नाव ठेवलं. आणि नवीन आलेल्याच्या इंग्रजीवर, गावावर, कॉलेजवर जोक तर अजिबात नको, तो विनोद नसतो, तो त्रास असतो. रुबी भाषेच्या लोकांचं एक वाक्य आहे की मात्सुमोतो सौजन्याने वागतात म्हणून आपणही सौजन्याने वागू, ती भाषा सुरू करणारे ते. वरचा माणूस कसा हसतो यावर खालचे कसे हसणार ते ठरतं.

याच्या उलटही मी बघितलंय. आधी मी एका वेगळ्या कंपनीत होते, तिथे असंच एक सर्क्युलर आलं, ऑफिस चॅटवर फक्त कामाचं बोलायचं, मस्करीचा ग्रुप बंद. वाटलं असेल की त्याने काम वाढेल. झालं काय, रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, "नोटेड", "ओके", "थँक्स" एवढंच यायला लागलं. आधी कुणीही बिनधास्त विचारायचं की हे मला कळलं नाही, वेड्यासारखं वाटेल पण हा आकडा इथे मावतो का? ते विचारणं बंद पडलं. एका मुलाला मोठ्या आकड्याची वॉर्निंग गायब झालेली दिसली होती, त्याला वाटलं असेल मुद्दाम काढली, विचारलं तर आपणच मूर्ख ठरू, म्हणून तो गप्प बसला आणि ते रिलीजनंतर कस्टमरने आम्हाला सांगितलं. वेडगळ प्रश्न विचारायला जो मोकळेपणा लागतो तो हसण्यातून येतो, आमच्या कामात तर नव्वद टक्के बग वेडगळ वाटणाऱ्या प्रश्नातूनच सापडतात असं माझं मत आहे. म्हणून ऐरोली, रबाळे, महापे, वागळे इस्टेट इथल्या मॅनेजर लोकांनी हे पत्र वाचलं तर माझी हात जोडून विनंती आहे, त्रास देणारा जोक थांबवा, जरूर थांबवा, पण ग्रुप बंद करू नका.

आणि एक कॉलेजांसाठी. मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सिस्टिम प्रोग्रामिंग आणि कंपायलर कन्स्ट्रक्शन हा विषय असतो, आमच्याकडे इंटर्न येतात त्यांनी पार्सिंग टेबल, म्हणजे कोडची रचना ओळखायचा तक्ता, पाठ केलेलं असतं, मार्कही चांगले असतात, पण भाषेत एखादी गोष्ट अशीच का आहे, ती कुणी ठरवली, त्यावर कोण कोणाशी भांडलं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ही सगळी चर्चा सगळ्यांना खुली आहे, पायथनचे प्रस्ताव कारणांसकट कुणालाही वाचता येतात, नाकारलेलेसुद्धा, आणि १ एप्रिल २००९ चा गमतीचा प्रस्तावही तिथेच आहे, ज्यात गुइडोंना रिटायर करून पायथनच्याच टीममधल्या बॅरी वॉर्सॉ यांना आजन्म प्रेमळ काका नेमलंय, आणि त्यातला नियम आजही चालू करून बघता येतो. लुआ ही भाषा रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात १९९३ ला तयार झाली आणि जगभर गेममध्ये वापरतात, रुबी जपानमध्ये झाली, म्हणजे हे काम अमेरिकेतच होतं असंही नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या शिक्षकांनी त्या विषयाचे दोन तास तरी असे प्रस्ताव वर्गात वाचायला द्यावेत, एक बाजू घेऊन पोरांना भांडू द्यावं, आणि नाकारलेल्या प्रस्तावाचं उत्तर समोरच्याला वाईट न वाटता कसं लिहायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्यावं. कुठल्या कॉलेजला हवं असेल तर आमच्या टीममधले दोन-तीन जण शनिवारी यायला तयार आहेत, मी विचारून घेतलंय, तुमच्याकडे कुणी चौकशी केली तर माझा पत्ता त्यांना द्यावा.

कळावे,
आपली,
कंपायलर टीममधली एक टेस्टर
वर्तकनगर, ठाणे (प.)